आत्याची हळद, यांची जीप

आमच्या यांनी मिलिटरीनं निकालात काढलेली जीप नागपूरच्या लिलावातून आणली, त्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान झालं. पेट्रोलची टाकी गळली की माझा कपड्याचा साबण घासून भोक बुजवायचं. पंख्याचा पट्टा तुटला की माझ्या लुगड्याचा काठ फाडून बांधायचा. हॉर्न मुका झाला तेव्हा बैलाच्या गळ्यातली घंटा काढून दाराला टांगली, आणि ते दारही दाव्यानं बांधलेलं. मेकॅनिककडे जाणं यांना कमीपणाचं वाटायचं. म्हणायचे, "आंधळगावात जीपचा माह्यासारखा कारागीर नाही." खरंच नव्हता. गावात दुसरी जीपच नव्हती.

त्याचंही मला काही नव्हतं. माझं दुखणं होतं माहेरचं. पवनीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चढण आहे. रेडिएटर गळका, त्यामुळे तिथवर जाईस्तोवर जीप तापून लाल व्हायची आणि चढ दिसला की दम टाकायची. मग मी खाली उतरून, पदर खोचून, जीप ढकलत माहेरी पोचायची. दारात माझी भावजय मंगलावहिनी उभीच असायची. "आल्या वं आमच्या धक्काबाई!" अशी हाळी द्यायची की सगळी गल्ली बाहेर यायची. लोकांच्या लेकी गाडीत बसून माहेरी येतात, मी गाडीला घेऊन यायची. असा संताप व्हायचा म्हणून सांगू!

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात वहिनीच्या रुखमीचं लग्न निघालं. आमच्या घराण्यात नवरीची हळद आत्यानं स्वतः कुटून न्यायची असते. मी एकुलती एक आत्या. हळद कुटली, वस्त्रगाळ केली, फडक्यात बांधली आणि यांना बजावलं, "या खेपेले मी माहेरी बसून जाईन. नाही तं माही एसटी बरी."

"तू बिनधास्त बस," हे म्हणाले. "गाडी एकदम टकाटक करून ठेवली. दारात उतरेपर्यंत तुले खाली पाय ठेवू देत नाही."

अड्याळच्या पुढे बॉनेटातून वाफ निघाली. यांनी उतरून रेडिएटरात पाणी भरलं, ते खालून रस्त्यावर आलं. पुन्हा भरलं, पुन्हा आलं. मग हे माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहू लागले. याच नजरेनं माझ्या लुगड्याचे काठ गेले होते.

"खबरदार!" मी म्हटलं.

"अवो, ऐक तं. सारे ट्रकवाले हेच करतात. रेडिएटरात हळद टाकली का भोक बुजते."

"नवरीची हळद आहे ते!"

"मंग मार धक्का. मले काय?"

माझ्या डोळ्यांपुढे ती चढण आली आणि चढणीच्या वर कमरेवर हात ठेवून उभी असलेली वहिनी आली. देवाशपथ सांगते, गाठ मी माझ्या हातानं सोडली. "चिमूटभरच टाका जी," एवढं मात्र म्हटलं. पण यांच्या हाताला चिमूट कुठली माहीत! सगळी हळद ओतली आणि फडकं झटकून मला परत दिलं.

आणि जीप निघाली ती काय निघाली! ती मेली चढण तर लक्षातसुद्धा आली नाही. मी डोक्यावर पदर घेऊन ताठ बसलेली, दाराची घंटा वाजतेय, आणि वहिनी दारात तोंड उघडं टाकून उभी. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

"या बाई," शेवटी ती म्हणाली. "हळद द्या, बाया थांबून राहिल्या."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी शांतपणे बॉनेट उघडलं आणि बोट दाखवलं. "इथं आहे."

पुढचं वहिनीचं बोलणं सांगण्यासारखं नाही. केवळरामदादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला की दुकानातली हळद आणू. जमलेल्या बाया म्हणाल्या, आत्याचीच पाहिजे, नाही तर अपशकुन होतो. शेवटी तोड निघाली. लावायची दुकानातली, पण पहिलं बोट आत्याच्या हळदीचं. यांनी रेडिएटरची खालची तोटी सोडली, दादानं घंगाळ धरलं. पाणी निवल्यावर मी तळाच्या गाळात बोट बुडवून रुखमीच्या कपाळाला लावलं. गंज मिसळून रंग मात्र झकास आला होता.

"आत्या, ग्रीसचा वास येऊन राहिला," रुखमी पुटपुटली. वहिनी माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. नवरदेव आसगावचा. तो म्हणाला, "जीप असताना बैलबंडी कायले?" पाठराखीण म्हणून नवरीसोबत मला जायचं होतं. नवरदेव पुढं यांच्याशेजारी बसला, मी मागं रुखमीशेजारी ऐटीत बसले. यांनी स्टार्टर मारला. तो खोकला आणि गप्प झाला.

बाकी पुरुषमंडळी सगळी पंगतीला बसलेली. दारात होत्या बाया. वहिनीनं पदर खोचला आणि जीपला मागून हात लावला. किती वर्षांनी माझी पाळी आली होती! 'धक्काबाई' हा शब्द अगदी ओठावर आणून मी मागं वळून पाहिलं.

वहिनी ढकलत होती आणि ढसाढसा रडत होती. पोटची पोर आपल्याच हातानं घराबाहेर ढकलत होती बिचारी. तो शब्द मी गिळला, खाली उतरले आणि तिच्या बाजूला खांदा लावला.

"तू कायले उतरली?" हे ओरडले.

"तुमी समोर पाहा जी!"

जीप धडधडली, धूर सोडला आणि पळत सुटली. यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. थांबले असते तर पुन्हा धक्का लागला असता, आणि तेवढी अक्कल यांना होती.

धुळीत आम्ही दोघी उभ्या. वहिनीनं डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम तिला हसू फुटलं.

"अवो बाई, पाठराखीण तं इथंच राहिली!"

दुसऱ्या दिवशी मी आसगावला एसटीनं गेले. लग्नसराईची गर्दी होती, उभ्यानंच गेले.