मान खाली घालायची सभा

एंद्रेनं वॉफलच्या साच्यात पळीभर पीठ ओतलं आणि झाकण दाबलं. क्लबच्या वार्षिक सभेत वॉफल भाजायचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं होतं. साच्यापाशी उभं राहिलं की लोकांकडे पाठ करता येते.

पंधरा वर्षं तो फुटबॉलच्या संघात मधल्या फळीत खेळला. देशाचा शर्ट अकरा वेळा अंगावर चढवला. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मात्र डाव्या गुडघ्यानं हात टेकले. गावी परतून मासळीच्या कारखान्यात लागला, त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून चेंडूला पाय लावला नव्हता. कुणी विषय काढलाच तर, "मासे बरे, त्यांच्यामागं पळावं लागत नाही," असं म्हणून हसायचा. हसायचा कसला, आतून जीव तुटायचा त्याचा.

"शेवटचा मुद्दा," अध्यक्ष गुनवोरबाई उठून खिडकीपाशी उभ्या राहिल्या. "मुलींच्या संघाला प्रशिक्षक नाही. आज कुणी मिळाला नाही, तर उद्या संघाचं नाव स्पर्धेतून काढावं लागेल. बारा पोरी आहेत. कोण घेतंय?"

झालं! तीस माना एकदम खाली. कुणी कॉफीच्या कपात डोकावतंय, कुणी न सुटलेली बुटाची नाडी बांधतंय. हात वर करून काम मागायची या गावात पद्धतच नाही. अशा वेळी बाईंशी ज्याची नजरानजर होईल, काम त्याच्या गळ्यात. बेकरीवाल्या ओडवारनं एकदा सहज घड्याळाकडे बघितलं होतं. नऊ वर्षं झाली, बिचारा अजून मैदानावरचा बर्फ उपसतोय.

एंद्रे साच्याकडे टक लावून उभा राहिला.

बाहेर चेंडू भिंतीवर आपटला. धप्प. मग पुन्हा. आवाज ऐकूनच त्याला कळलं, मारणारं जे कुणी आहे ते घाई करतंय, वर न बघताच मारतंय. त्याची मान आपसूक वळली. खांद्यावरून मागं, खिडकीकडे.

खिडकीच्या अलीकडे गुनवोरबाई उभ्या होत्या. थेट त्याच्याकडे बघत.

"एंद्रे," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या रे."

"अहो बाई, मी खिडकीतून बाहेर बघत होतो!"

"सात वर्षांचा होतास, तेव्हा मीच शिकवलंय तुला. चेंडूचा आवाज आला की आधी खांद्यावरून मागं बघायचं. गुडघा गेला असेल, मान शाबूत आहे ना?"

तीस माना वर आल्या. इतक्या वेळचा कोंडलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला आणि ओडवारनं तर टाळ्याच वाजवल्या. साच्यातून धूर निघाला होता. एंद्रेनं जळका वॉफल ताटलीत टाकला, हात पुसले आणि दार उघडून बाहेर गेला.

वितळत्या बर्फाच्या चिखलात मुलींच्या संघातली दहा-अकरा वर्षांची तिरिल उभी होती, गाल लालबुंद झालेले.

"मारण्याआधी वर बघत जा," तो म्हणाला. "आणि काय गं, एवढं मैदान सोडून खिडकीखाली कशाला खेळतेस?"

"गुनवोरबाईंनीच सांगितलंय. एंद्रे बाहेर येईपर्यंत भिंतीवर चेंडू मारणं थांबवायचं नाही म्हणाल्या." तिनं नाक ओढलं आणि चेंडू त्याच्याकडे ढकलला. "किती वेळ लावलास! पाय गारठले माझे."

चेंडू डाव्या पायाकडे आला. एंद्रेनं तो अलगद थांबवला.

"हो गं," तो म्हणाला, "लागला खरा वेळ."