रंभाचा एडका

रंभा गवताचा भारा घेऊन दारात आली, तर मेंढ्या कुडाला धडका देत ओरडत होत्या आणि एडक्याचा खुंट मोकळा होता.

"भावजी, एडका कुठंय?"

धाकटा दीर देवराम ओटीवर विडी ओढत बसला होता. "पाटलाकडं पोचवला. मुंबयचा लाकडांचा ठेकेदार आलाय, उद्या त्याचं जेवान हाय. लढाईच्या दिसांत अशी मानसं धरून ठेवावी लागतात. मला मुकादम करतील."

"माझा एडका देऊन?"

"घरचा एडका, वयनी. दुसरा आण की घाटावरून."

रंभाच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणे घाटावरून! डोळखांबच्या पावसात घाटावरची मेंढी टिकत नाही. खूर कुजतात, उभी राहीनाशी होते. नवरा गेल्यावर, धनगरांनी मागे सोडलेल्या लंगड्या मेंढ्या तिनं पदरात घेतल्या होत्या. बांबूचा माच बांधून त्यांना ओलीपासून वर ठेवलं, पावसाळाभर एकेक खूर पुसला. आणलेले नर मेले. इथंच जन्मून पावसाला पुरून उरला तो हा एकटा. तो गेला की कळप संपला. आणि तिचे हात लेंड्यांत बुडालेले असताना हाच देवराम नाकाला धोतर लावून बसायचा!

तिनं भारा तिथंच टाकला. कुडाचं झापड उघडलं आणि सगळ्या मेंढ्या हाकत शेणवे गावाच्या वाटेला लागली.

वाटेवरच अनंता पाटलाचं घर. मागं परसात वाल, वांगी, मुळा नुसता तरारला होता. रंभानं कुंपणाचं बेडं काढलं आणि मेंढ्या आत सोडल्या.

पाटील ओरडत आला. "अगो ए! याड लागलं काय? हाकल त्या!"

"का हाकलू? नवरा हितं बांधलाय, मंग त्याच्या बायका कुठं जातील?"

ओटीवरचा ठेकेदार खो खो हसला. रंभा गर्रकन वळली. "हसू नको! तुझ्या ताटासाठी माझं घर बसतंय."

"देवरामानं राजीखुशीनं दिलाय," पाटील म्हणाला.

"देवराम कोन देनारा? त्यानं कदी एक खूर धुतला नाय!"

पाटलानं गडी सोडले. गडी काठ्या घेऊन धावले तशा मेंढ्या बुजल्या आणि उरलेसुरले वाफेही तुडवून निघाल्या. तेवढ्यात पाटलीण, हिराबाई, बाहेर आली. आपला वाल बघून तिनं नवऱ्यावरच तोंड सोडलं. "रांडमुंड बाईचं जनावर आनता, लाज नाय वाटत?" तिनं स्वतःच्या हातानं एडका सोडला.

रंभानं हाळी दिली. सारा कळप निमूट तिच्यामागं आला.

घरी देवराम अंगावर धावून आला. "माझी मुकादमी घालवलीस!"

"आजपासून तुझी चूल येगळी," रंभा म्हणाली. "माझ्या मेंढरांना हात लावलास तर कोयत्यानं तोडीन."

पाटलानं नंतर आपल्या माळावर तिच्या मेंढ्यांना पाय ठेवू दिला नाही. तिला डोंगराच्या चढणीवर चारायला जावं लागे. पायांत गोळे येत, आणि प्रत्येक वेळी ती देवरामाला आणि पाटलाला मोठ्यानं शिव्या देत चढे. खालच्या पाड्यात त्या ऐकू जात. जावोत, ती म्हणायची.