स्प्रिंगच्या कान्याचा रा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि मनात एक 'रा' काढा. त्यातला र तुमच्या वहीतल्यासारखाच साधा. मात्र शेजारचा काना सरळ रेघ न ठेवता तिथे एक लोखंडी स्प्रिंग उभी करा. वरून शिरोरेषा तिला दाबते आहे आणि ती शिरोरेषेला तोलून धरते आहे. दिसला? तोच मी. पुस्तकात मला बोधचिन्ह म्हणतात, आमच्या भोसरीत लोगो. मी एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी असतो: कागदावर, पिशवीवर, पाटीवर. त्यामुळे मला ऐकूही पुष्कळ येते. बोलता मात्र येत नाही. आज बोलतो आहे, कारण माझा धीर संपला आहे.

माझा जन्म पुण्याजवळ, भोसरीच्या एका भाड्याच्या शेडमध्ये झाला. हिंदुराव साताऱ्याकडचे. कंपनीतली कंत्राटी नोकरी संपल्यावर त्यांनी स्प्रिंगा वळण्याचे एक यंत्र घेतले. ओळखीचे सगळे त्यांना नुसते 'राव' म्हणतात, म्हणून शेडचे नाव 'राव स्प्रिंग' ठेवले. पण नाव ठेवले म्हणजे लोकांना ते कळते असे नाही. त्या गल्लीत सगळ्या शेड सारख्याच, सगळ्यांची शटर निळी. आलेले गिऱ्हाईक पुढच्याच दारात शिरायचे.

सहावीतली स्वरूपा, त्यांची मुलगी, म्हणाली, "पप्पा, मी करते तुमचा लोगो."

आधी तिने 'राव स्प्रिंग' असे लिहिले आणि शेजारी एक मोठी स्प्रिंग काढली. अक्षरे एकीकडे, चित्र दुसरीकडे. डोळ्याने आधी कुठे जावे हेच कळेना. मग तिने नाव कमी केले, चित्र कमी केले. खोडता खोडता एकटा 'रा' उरला, आणि अचानक तिने त्याचा काना वळवून टाकला. बाकीचे नाव खाली बारीक अक्षरात गेले.

हिंदुराव हात पुसत आले. कागद उचलून म्हणाले, "आगं, टोकं सपाट कर की. आपली स्प्रिंग टेबलावर उभी ऱ्हाती. ही पडंल."

तिने टोके सपाट केली आणि मी उभा राहिलो. मग तिने मला शटरवर चिकटवले आणि पार नाक्यापर्यंत धावत जाऊन मागे वळून पाहिले. तिथूनही मी दिसत होतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा क्षण तो.

नमुन्याच्या स्प्रिंगांच्या पिशव्यांवर माझे स्टिकर लागले. त्यातली एक पिशवी कुरुळीच्या एका कारखान्यात, खरेदी खात्यातल्या मधुसूदन साहेबांच्या टेबलावर पोहोचली. तोवर तिचा खालचा भाग फाटून गेला होता. नाव गेले, नंबर गेला, उरलो मी एकटा. साहेब ती स्प्रिंग रोज दाबून पाहत. एके दिवशी शेजाऱ्याला म्हणाले, "थकतच नाही बघा ही. मोशीच्या औद्योगिक प्रदर्शनात हा रा सापडला, तर वर्षाचं काम ह्यालाच देऊन टाकतो."

मी ऐकले, पण सांगणार कोणाला? इकडे शेडमध्ये हिंदुराव म्हणत होते, "मोशीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, तिथं एखादं काम भेटलं तर शेड टिकंल. न्हाईतर पुन्यांदा कंत्राटी शिफ्ट हायेच."

आणि नेमका त्याच वेळी रवीमामा आला.

रविराज म्हणजे स्वरूपाच्या आईचा भाऊ. फ्लेक्स छापण्याचे दुकान, मंडळाचा कार्यकर्ता, मनाने लोण्यासारखा. प्रदर्शनाचा फ्लेक्स तो आपणहून छापून देणार होता. मला पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"दाजी, नुसतं एक अक्षर? लोक म्हणतील शाई संपली!"

"मामा, तेवढंच पाहिजे. लांबून दिसतं," स्वरूपा म्हणाली.

"तू अभ्यास कर गं. मी आजवर कितीक वाढदिवस गाजवलेत."

त्याने माझ्यामागे दातेरी चाक बसवले. चाकाभोवती ज्वाळा आल्या. "सिंह तर पाहिजेच, दाजी," म्हणून सिंह आला. पाठोपाठ पृथ्वीचा गोल आला. मग गॉगल लावून हात जोडलेले हिंदुराव आले, तेही कमरेपर्यंत. वर सोनेरी अक्षरे: 'उद्योगरत्न मा. हिंदुरावभाऊ'. कोपऱ्यात मंडळाच्या सगळ्या पोरांचे चेहरे, आणि त्यांच्याआधी, सर्वांत ठळक, खुद्द रवीमामा.

"ही पोरं कशाला?" हिंदुरावांनी चाचरत विचारले.

"शुभेच्छुक नकोत? रुसतील की, राव!"

मेव्हण्याचे मन मोडायचे कसे? हिंदुरावांनी मान डोलावली. स्वरूपाचे डोळे भरून आले. आणि मी? मी सिंहाच्या आयाळीखाली, शर्टाच्या बटणाएवढा.

मित्रांनो, मला सजवणाऱ्यांचा मला किती राग येतो म्हणून सांगू! ते वाईट नसतात, हाच तर त्रास. प्रेमाने एक एक वस्तू आणून माझ्या अंगावर ठेवतात आणि मी गुदमरतो. स्वतःची ओळख करून देताना तुम्हीही हेच करता. म्हणून विनवणी करतो: काही बनवाल तेव्हा त्यातले काय काढून टाकता येईल ते आधी शोधा. माझ्याभोवती थोडे पांढरे राहू द्या. मी त्याच्यावरच जगतो.

मोशीच्या मोठ्या मांडवात फ्लेक्स झळकला. सकाळपासून कोणी थांबले नाही. दुपारी मधुसूदन साहेब खरोखरच आले, हातात ती फाटकी पिशवी घेऊन. मी पिशवीवर होतो आणि मी फ्लेक्सवरही होतो. मध्ये चार पावले. साहेबांनी मान वर करून सिंह पाहिला, गॉगल पाहिला, शेजारच्या स्टॉलवर विचारले, "इथे वाढदिवस कोणाचा आहे हो?" आणि पुढे निघून गेले. मी ओरडलो असतो, पण अक्षराला कंठ नसतो.

थोड्या वेळाने त्या शेजारच्या स्टॉलवरचे भिमाजीकाका सहज म्हणाले, "रावसाहेब, एक जण फाटकी पिशवी दाखवून स्प्रिंगचा रा हुडकत होता. तुमचा तर न्हवं?"

हिंदुराव ताडकन उठले. "कसा व्हता दिसायला?"

"निळा शर्ट. चष्मा."

हिंदुरावांनी मांडवभर नजर टाकली. निम्मा मांडव निळ्या शर्टात होता. ते हळूच खुर्चीत बसले. "त्याचा नंबर न्हाई, नाव न्हाई. कसा ओळखू मी त्याला?"

"नशीब, दाजी," रवीमामा पुटपुटला. "पण फ्लेक्स भारी झालाय."

"आपण नाही ओळखत त्याला," स्वरूपा म्हणाली. "पण तो ह्याला ओळखतो."

ती खुर्चीवर चढली. तिने फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या आणि मामाच्या पेटीतली कात्री घेतली.

"अगं ए, माझं तोंड! माझं तोंड कापतीय ही!"

तिने छत्रीएवढा तुकडा कापला आणि उलटा केला. मागची बाजू पांढरीशुभ्र होती. त्यावर तिने जाड काळ्या पेनने मला काढले, मोठे, एकट्याला, टोके सपाट. मग तो तुकडा दोन्ही हातांनी छातीशी धरला. रवीमामाचा चेहरा तिच्या फ्रॉकला चिकटला, आणि मी लोकांसमोर आलो.

"स्प्रिंगचा रा! स्प्रिंगचा रा!" असे खणखणीत ओरडत ती स्टॉलच्या पहिल्या रांगेत शिरली.