जावयाने कपाट सरकवलं

जावई कंप्युटरमध्ये आहे, एवढंच सासरच्यांना ठाऊक होतं. कंप्युटरमध्ये नेमका कुठे आहे, हे लग्न ठरवताना कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही आपणहून विषय वाढवला नाही. तो एका कंपनीत पगाराचा प्रोग्रॅम सांभाळायचा. वायरीशी त्याचा संबंध इस्त्रीपुरता.

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. मेव्हणी आतल्या खोलीत कंप्युटरवर फोटो सजवायची, पुढच्या खोलीत सासरे ते छापायचे. आतून बाहेर फोटो यायचे ते वायरीवरून. पण महिनाभर ते असे येत होते, की नवरदेव पोचला तरी नवरी वाटेतच.

"जावईबापू, होऊन जाऊ द्या तुमची करामत," सासरे म्हणाले.

"नाही जमलं तर लाजू नका हं, भावोजी," मेव्हणी म्हणाली. "मी फक्त ताईला सांगेन. पुढचं ताई बघेल."

जावयाने दोन्ही कंप्युटर बंद करून चालू केले. विद्येचा हा भाग त्याला पाठ होता. मग एक सेटिंग बदललं, ते पुन्हा होतं तसं केलं, आणि दोन्ही वेळा गंभीरपणे मान हलवली. फोटो मुंगीच्या पावलांनीच येत राहिले. घाम पुसायला काढलेला रुमाल खाली पडला. तो उचलायला वाकला, तर लोखंडी कपाटाचा पाय थेट वायरीवर! वायर पार चपटी.

त्याच्या जिवात जीव आला. "बाबा, हे कपाट—"

"कसं बसलंय!" सासरे खुलले. "गेल्या महिन्यात मीच सरकवलं, एकट्याने. ही म्हणत होती, खाली वायर आहे, बघून करा. म्हटलं, तू मला शिकवू नकोस."

दारात सासूबाईंनी कान टवकारले.

खरं सांगावं तर सासऱ्यांचं नाक कापलं जाणार, न सांगावं तर स्वतःचं. सासऱ्यांच्या नाकावर निदान चष्मा तरी टेकत होता.

"त्याचं काय आहे बाबा, कंप्युटरच्या डाव्या अंगाला जड लोखंड असलं, की फायलींना ओढ लागते."

मेव्हणीने खुर्ची फिरवली. "ओढ?"

"ओढ."

कपाट उजवीकडे गेलं. जुन्या वायरीला ओढीची सवय झालीय, असं सांगून त्याने नवी वायरही जोडली. फोटो भराभर येऊ लागले.

सासऱ्यांनी संध्याकाळपर्यंत ही विद्या गल्लीभर पोचवली. सकाळी दारात औषधांचा दुकानदार हजर. "आमच्याकडे डाव्या अंगाला फ्रिज आहे हो. बिल निघता निघत नाही."

सासूबाईंनी जावयापुढे चहा ठेवला. "जाऊन या, बापू. आल्यावर आमचा पलंगही बघा. कपाट सरकवल्यापासून ह्यांच्या कमरेलाही ओढ लागलीय."

सासरे अभिमानाने जावयाचा दंड धरून निघाले. निघता निघता जावयाने गुपचूप एक नवी वायर खिशात टाकली.