व्होल्टेराचा उतार

व्होल्टेराच्या वेशीबाहेर रस्ता वळणं घेत थेट दरीत उतरतो. ओर्नेला आणि तिचे वडील दुइलिओ जोडसायकलवर होते. हँडल तिच्या हातात, मागच्या सीटवर वडील. दृष्टी गेल्यापासून ते असेच फिरायचे आणि मागून टोमणे मारायचे.

"बैलगाडी हाकतेयस का गं? सोड जरा!"

पुढच्याच वळणावर मागच्या ब्रेकची तार तुटली. पुढच्या एकट्या ब्रेकला दोघांचं वजन पेलेना. रबर जळल्याचा वास आला, तसे टोमणे थांबले.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"मी आंधळा आहे, खुळा नाही. सांग."

"ब्रेक गेला. खाली मेंढ्यांनी अख्खा रस्ता अडवलाय."

"उजवीकडे काय आहे?"

"नांगरलेलं शेत. पण मधे अरुंद चर आहे. एकटी असते तर उडवली असती सायकल."

"मग एकटीच आहेस असं समज. मी तुझ्याबरोबर उठेन. फक्त 'आता' म्हण."

मेंढ्यांच्या घंटा जवळ आल्या. तिने हँडल वळवलं आणि ओरडली, "आता!"

दोघं एकदम सीटवरून उठले. चाकं चरावरून गेली, ढेकळांत रुतली आणि दोघं मातीत आपटले.

ओर्नेलाच्या मनगटात कळ उठली होती. तशीच रांगत ती वडिलांजवळ गेली. ते हात पुढे करून तिचा चेहरा चाचपू लागले. बोटं ओली झाली तशी थबकली.

"रक्त आहे का गं?"

"नाही, बाबा. रडतेय मी."