चालणं माझं, वजन पास्कलचं

आज आभाळ निरभ्र आहे. समुद्रावरून कोरडा वारा येतोय आणि केळीची पानं फाडतोय. अशा चांगल्या दिवशी मला विकायचं ठरलंय.

मी नंदाखाल गावचा बैल. पास्कलच्या विहिरीवर रहाट ओढतो. डोळ्यांवर झापडं बांधली की गोल फिरायचं, एवढंच मला शिकवलंय.

जन्म माझा वटार गावचा. पास्कलनं मला आणलं तेव्हा तो काटकुळा होता. माझ्यामागं रहाटाच्या दांड्यावर बसून हाकायचा, तर माशी बसल्यागत वाटायचं. पुढं त्या माशीचा रेडा झाला, आणि माझे गुडघे म्हातारे झाले.

गोठा स्वयंपाकघराला लागून, त्यामुळं मला सगळं ऐकू येतं. एकदा तो डॉक्टरकडून आला, तेव्हा त्याच्या बायकोनं, फ्लोराबाईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"काळीज थकलंय म्हणाले. वजन उतरवा. भूक कमी करायच्या गोळ्या दिल्यात. जेवण आवरा, रोज चाला."

"मग चालणार ना?"

"चालतोच की. मी सांगून आलो, सकाळभर रहाटावर गोल गोल फिरतो."

ऐका आता. फिरणारा मी, आणि सांगून आला हा.

गोळीही तो भरपेट जेवून घ्यायचा. खाल्लेलं ती जाळते, असा त्याचा समज. शेवटी फ्लोराबाईनं बाटली ताब्यात घेतली. सांगितल्या वेळेला गोळी, एकच भाकरी, तळलेलं बंद. भूकच मंदावली होती, म्हणून तो फार कुरकुरला नाही. राहिलं चालणं. ते मी अंगावर घेतलं.

तो दांड्यावर बसला की मी खाली बसायचो. तो उतरला की उठायचो. त्यानं शिव्या दिल्या, मी रवंथ करत राहिलो. केळीला पाणी तर हवंच. मग तो माझ्यामागून पायी फिरू लागला, धुसफुसत.

"विकूनच टाकतो याला," म्हणायचा. या वयाचा बैल लोक कशासाठी घेतात, मला ठाऊक आहे. तरी तो बसला की मी बसायचोच.

आता त्याची विजार सुतळीनं बांधावी लागते. दम लागत नाही. गोळीचं कौतुक गावभर सांगतो, आणि मला मात्र आळशी म्हणतो.

मघाशी शेजारचा दिनानाथ मला बघायला आला. स्वतःचं पोट सांभाळत कुंपण ओलांडलं त्यानं.

"आधीच सांगतो," पास्कल म्हणाला, "मी बसलो की हा बसतो. मला पायी फिरवतो."

दिनानाथनं त्याच्या सुतळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "याला विकतोस कसला, पास्कलभाऊ? गोळ्या मलाही त्याच डॉक्टरांनी दिल्यात. पण माझा बैल काही केल्या बसतच नाही."