मनापासून स्वागत आहे

'ग्रंथघर' हे वाचनालयांसाठीचं फुकट सॉफ्टवेअर. कुणीही वापरा, कुणीही आतून उघडून बघा, कुणीही दुरुस्त करा, असं अकोल्याच्या कुलदीपने पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. खाली जोडलेले हात आणि 'आपलं मनापासून स्वागत आहे.'

अमरावतीच्या नगमाने ते खरं मानलं. तिथेच तिचं चुकलं.

ती सांभाळत असलेल्या वाचनालयात उर्दू पुस्तकांची नावं संगणकावर तुटून, उलटी उमटत. व्हिडिओ बघत बघत तिने चूक शोधली, सुधारली आणि दिवाळीत अकोल्याला पाठवून दिली. वाचनालयाचे अध्यक्ष जैनुद्दीनचाचा म्हणाले, "बेटी, अकोलेवाले मंजूर करतीन तवाच लावू. नाई त ईदनंतर उर्दूचं कपाट माळ्यावर. यादीत नाई ते पुस्तक मांगते कोन?"

ईद तोंडावर आली तरी मंजुरी नाही. मतं मात्र भरपूर. एकाने विचारलं, नियमावली वाचली का? दुसऱ्याने ओळीआधी सोडलेली जागा चुकीची ठरवली. तिसऱ्याचा नुसता अंगठा. मग कुणाला तरी कळवळा आला, आपल्यात बायका इतक्या कमी का येतात? त्यावर मंडळी अशी तुटून पडली की शंभरावर मतं झाली, सगळी पुरुषांची. नगमाची दुरुस्ती त्या गर्दीखाली कुठेतरी दबून राहिली.

शेवटी मावशीला, रईसाखालाला सोबत घेऊन तिने अकोल्याची एसटी पकडली. स्वागत आहे म्हणतात ना? मग गेलं पाहिजे.

दार कुलदीपच्या आईने, मैनाबाईंनी उघडलं. "या वं बाई, उन्हाच्या आल्या! कुलदीप, पाव्हने आले!"

नगमाचं नाव ऐकून कुलदीप चपापला. "ताई, ऑनलाइन यायचं असतं," तो छापील मराठीत म्हणाला. "प्रक्रिया असते."

"ऑनलाइन दिवाळीपासून उभी हाओ, भाऊ. पाय दुखून राहिले."

"सध्या जरा गडबडीत आहे. नवीन लोकांचं स्वागत कसं करावं, त्याचा मसुदा लिहितोय."

खालाला ठसका लागला. पाणी नाकात गेलं.

"हिच्या कामाले किती येळ लागते रे?" मैनाबाईंनी विचारलं.

"आई, तुले नाई समजत." छापील मराठी गळून पडली. "एक बटन दाबा लागते. पन आंधी सगळ्यायची सहमती..."

"मंग दाब. मी चहा टाकतो."

आईसमोर सहमतीचं काही चालेना. त्याने बटण दाबलं.

परतीची बस बडनेऱ्याला आली आणि फोन वाजला. दुरुस्ती काढून टाकली होती. 'चर्चेविना मंजुरी हा समूहाचा अपमान आहे,' असं लिहिणारा 'ग्रंथघर'चा दुसरा कारभारी, श्याम. राहणार अमरावती, नगमाच्या वाचनालयामागची गल्ली. लगोलग कुलदीपचा निरोप: 'ताई, क्षमस्व. आपल्या समूहाच्या मेळाव्यात "नवागतांचे स्वागत" या विषयावर बोलाल का?'

"आता व?" खालाने विचारलं.

"आता श्यामभाऊच्या घरी."

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून खालाने स्टँडवरून पाव किलो बालूशाही घेतली.

दार एका म्हातारीने उघडलं. नगमाचा जीव भांड्यात पडला.

"काकू, श्यामभाऊले आवाज द्या," ती चपला काढत म्हणाली. "आन् चहा टाका. एक बटन दाबेस्तोवर बसतो आमी."